काठी, सावली आणि कोटिकोन



भूमितीत मी किती कच्चा होतो हे इथल्या निम्म्या जणांना आठवत असेल. दोन रेषा छेदल्या की विरुद्ध कोन समान का, या प्रश्नाला मी ‘तसे दिसतात म्हणून’ असं उत्तर लिहिलं होतं. सरांनी शून्य दिलं आणि मधल्या सुट्टीत बोलावलं. ‘दोघांच्या शेजारी कोन एकच. त्याच्याशी प्रत्येकाची बेरीज 180. मग ते वेगळे असतील कसे?’ एवढंच बोलले.

पुढे 21 मार्च आला. सरांनी मैदानावर एक मीटरची काठी उभी करायला लावली. त्या दिवशी सोलापुरात सूर्य सर्वांत उंच येतो तो बाराला नाही, 12 वाजून 34 मिनिटांच्या सुमारास. कारण आपलं घड्याळ पूर्वेकडच्या रेखांशावर लावलेलं आहे. काठी एकाने धरली, सावली मी मोजली. 32 सेंटिमीटर.

वहीत प्रमाणात त्रिकोण काढला. काठीच्या पायथ्याशी काटकोन, म्हणजे उरलेले दोघे परस्परांचे कोटिकोन. जमिनीलगतचा 72 च्या किंचित वर, काठीच्या टोकाचा 18 ला जरा कमी. सर म्हणाले, ‘आता नकाशा उघडा.’ सोलापूरचा अक्षांश सुमारे 17.7 अंश!

त्या दिवशी विषुववृत्तावर सूर्य थेट डोक्यावर असतो, तिथला किरण वाढवला तर पृथ्वीच्या केंद्राला पोचतो. आपली काठी जमिनीत वाढवली तर तीही तिथेच जाते. किरण समांतर, काठी छेदिका. टोकाचा कोन आणि केंद्रातला कोन व्युत्क्रम, म्हणून समान. एराटोस्थेनिसने सुमारे 2200 वर्षांपूर्वी याच युक्तीने पृथ्वीचा परीघ काढला होता.

खरं सांगतो, ते व्युत्क्रम कोन मला दिसलेच नव्हते. काठी धरणाऱ्याला दिसले. त्याने मातीत बोटाने आकृती काढून मला दाखवली, आणि सरांसमोर उत्तर मी दिलं. त्याच वर्षी त्याच्या वडिलांची गिरणी बंद पडली. आम्ही दहावीत गेलो, तो यंत्रमागावर गेला. आजची निमंत्रणं दहावीच्या यादीवरून गेली, त्यामुळे त्याला आलं नाही. मीच त्याला घेऊन आलोय. मागे दाराशी बसलाय. अरे, पुढे ये की!

त्याचं नाव संयोजकांकडे दिलं आहे, ते स्मरणिकेच्या यादीत घ्यावं. आणि येत्या 21 मार्चला साडेबाराच्या आत मैदानावर या. मोजपट्टी मी आणतो. काठी या वेळी मी धरीन, सावली तो मोजेल.