दगडाच्या आतली वस्ती



प्रवाळभित्तींतल्या कृमींची चर्चा गोव्यातल्या पेडणे-डिचोलीच्या या परिषदेत कशासाठी, अशी शंका कुणाच्या मनात आली असेल तर ती साहजिक आहे. पेडण्यातल्या केरी, हरमल, मोरजीला वाळू आहे, प्रवाळभित्ती नाही. डिचोलीला तर समुद्रच नाही. पण मुरगावसमोरच्या ग्रांदे बेटाभोवती प्रवाळ आहे, 1987 साली घोषित झालेल्या मालवणच्या सागरी अभयारण्यात आहे, आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरच्या आसपास आंग्रिया बँक हे बुडालेले प्रवाळपठार आहे. अशा जागांची प्रकृती आपण बहुतेक एकाच मापाने जोखतो: तळाचा किती भाग जिवंत प्रवाळाने झाकला आहे? हे माप अपुरे आहे आणि ते पुरे करायचे तर कृमी मोजलेच पाहिजेत, एवढेच मला आज मांडायचे आहे.

पाण्याखालच्या छायाचित्रात येतो तो भित्तीचा पृष्ठभाग. वस्ती मात्र भेगांत आणि पोखरलेल्या बिळांत असते. सागरी जीवशास्त्रज्ञ फ्रेडरिक ग्रासल यांनी ऑस्ट्रेलियातल्या हेरॉन बेटावरचा प्रवाळाचा 4.7 किलोचा एकच गड्डा फोडून तपासला, तर आत पॉलिकीट या गटातले 1,441 कृमी निघाले, 103 जातींचे! ही नोंद 1973 सालची. यांतले काही चुना पोखरून भित्ती झिजवतात, काही गाळ खातात, काही स्वतःच माशांच्या पोटात जातात. भित्ती वाढते आहे की झिजते आहे, हा हिशेब त्यांना वगळून कसा लागणार?

डिचोलीचा संबंध येतो तो इथे. डिचोलीतल्या सारमानससारख्या धक्क्यांवरून खनिजाच्या बार्जी मांडवीत उतरत, आणि खाणींची टाकाऊ माती पावसाबरोबर नद्यांत येई. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पारुळेकर, अन्सारी आणि इंगोले यांनी 1986 साली खाणकामाच्या परिणामांची मांडणी केली. शिंपल्यांचे उत्पादन 70 टक्क्यांहून अधिक घटले होते, तळाचे मूळ रहिवासी जवळजवळ संपले होते आणि त्यांच्या जागी मोजक्या, सोशीक, भटक्या जाती आल्या होत्या. नदीच्या खाडीतला हा नियम भित्तीला जसाच्या तसा लागू होईल असे मी म्हणणार नाही. खाडीचा चिखल वेगळा आणि प्रवाळाचा दगड वेगळा. पण तळाला काय झाले हे तळातले जीवच सांगतात, एवढे तरी त्यातून सिद्ध होते.

यावर पहिला आक्षेप असा की मोजण्यासाठी भित्ती फोडायची हा कुठला न्याय? आक्षेप रास्त आहे, म्हणून जिवंत प्रवाळाला हात लावूच नये. मेलेल्या प्रवाळाचे सुटे तुकडे तपासता येतात, किंवा एकावर एक रचलेल्या पट्ट्या तळाशी ठेवून दोन-तीन वर्षांनी वर काढता येतात. जगभर ही पद्धत रुळली आहे. दुसरा आक्षेप अधिक आकर्षक आहे: डीएनए असताना वर्गीकरणतज्ज्ञ कशाला? पण डीएनएचा क्रम नाव सांगतो तो आधी कुणी तरी नमुना पाहून नाव ठेवलेले असेल तरच. भारतात आजही ज्याचा आधार घेतला जातो तो पिएर फोव्हेल यांचा पॉलिकीट कृमींवरचा ग्रंथ 1953 सालचा आहे, आणि त्या काळी आपल्याकडच्या कित्येक कृमींना युरोपातल्या जातींची नावे मिळाली. इंग्लंडच्या किनाऱ्यावरून वर्णिलेली मार्फायसा सँग्विनिया ही कृमींची जात जगभर सापडते असे बराच काळ मानले जाई; पुढे त्या एका नावाखाली अनेक जाती निघाल्या. चुकीच्या नावाला जोडलेला डीएनए चूकच पक्की करतो.

म्हणून परिषदेकडे स्वागत समितीची मागणी मोजकी आहे. ग्रांदे आणि मालवणच्या प्रत्येक सर्वेक्षणात प्रवाळाच्या टक्केवारीशेजारी कृमींची यादी असावी, तिचे नमुने गोव्यातच जपले जावेत, आणि नमुने ओळखणारी माणसे कायम पगारावर नेमावीत. प्रकल्प संपला की माणूस गेला, असे होऊ नये. तेरेखोल आणि शापोरा खाड्यांच्या तळाची नोंद पेडण्यातल्या महाविद्यालयांनी, आणि डिचोलीच्या नदीची तिथल्या महाविद्यालयांनी आपल्याकडे घ्यावी. या मागण्यांवर आपण सडेतोड बोलावे, ही विनंती.