तेल, यकृत आणि आपली शिफारस



करडईच्या शेतीची आणि संशोधनाची परंपरा सांगणाऱ्या या सोलापूर नगरीत वैद्यकीय व आहारशास्त्रीय व्यावसायिकांची आपली परिषद भरावी आणि तिचे अध्यक्षपद मजकडे यावे, हा मी माझा बहुमान समजतो. आणि ज्या प्रश्नावर घरोघरी वाद होतो, परंतु ज्याचा निवाडा बहुधा डब्यावरील जाहिरातीच करतात, त्या आहारातील मेदाम्लांच्या प्रश्नाविषयीच आज बोलावे, असे मी योजिले आहे.

तूप चांगले की तेल, हा प्रश्न मला मुळातच सदोष वाटतो. कोणतेही स्निग्ध घेतले तरी ते अनेक मेदाम्लांचे मिश्रण असते, आणि कर्बाच्या साखळीत द्विबंध आहे की नाही, असल्यास किती, एवढ्या वरवर क्षुल्लक भासणाऱ्या भेदावर त्या आम्लांची शरीरातील वर्तणूक अवलंबून असते. करडईच्या तेलात सुमारे ७५ टक्के लिनोलेइक हे बहुअसंपृक्त आम्ल असते. उलट, ज्यात आपल्या बाजारातील पुष्कळसे फरसाण तळले जाते, त्या पामतेलाचा जवळजवळ अर्धा भाग संपृक्त असतो.

जुन्या अमदानीत परगण्याची कचेरी जशी महालोमहालचा वसूल जमा करून घेई, शिल्लक राखी आणि पुढे रवानगी करी, तसा शरीरातील स्निग्धाचा सारा जमाखर्च यकृताच्या हातून होतो. ब्राउन आणि गोल्डस्टीन या अमेरिकी शास्त्रज्ञद्वयाने, ज्यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले, असे दाखवून दिले की पेशींच्या पृष्ठभागावरील विशिष्ट ग्राही रक्तातील एलडीएल, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, उचलून घेतात. आणि या ग्राहींचा सर्वांत मोठा साठा यकृतात असतो. आहारात संपृक्त आम्लांचे, विशेषतः पामिटिक आम्लाचे, प्रमाण वाढले म्हणजे ग्राहींचे हे कार्य मंदावते व एलडीएल रक्तातच रेंगाळते. संपृक्त आम्लांची जागा लिनोलेइक आम्लाने घेतली म्हणजे एलडीएल उतरते.

परंतु येथेच थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९६८ ते १९७३ या काळात, मुख्यतः मनोरुग्णालयांतून, संपृक्त स्निग्धाऐवजी मक्याचे तेल देऊन जो मोठा प्रयोग झाला, त्यात कोलेस्टेरॉल उतरले खरे, पण मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून रक्तातील एका आकड्यालाच आरोग्य समजण्याची घाई आपण करू नये, आणि यकृताकडे स्वतंत्रपणे पाहावे, असे मला आग्रहाने सांगावयाचे आहे.

यकृतात साचणाऱ्या मेदाविषयी आपल्या रुग्णांची समजूत अशी असते की ताटातील तेलच तेथे जाऊन बसते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मेदयुक्त यकृताच्या रुग्णांमधील या साठ्याचा उगम तपासला असता, सुमारे ५९ टक्के भाग शरीरातील चरबीच्या साठ्यांतून सुटून आलेल्या आम्लांचा, २६ टक्के भाग यकृताने मुख्यत्वे शर्करेपासून स्वतः घडविलेला, आणि केवळ १५ टक्के भाग थेट आहारातील स्निग्धाचा आढळला. याचा अर्थ तेल निर्दोष आहे असा नव्हे. स्वीडनमधील उप्साला येथे ३९ तरुण स्त्रीपुरुषांना सात आठवडे नित्याच्या अन्नाखेरीज मफिन खाऊ घातले. एका गटाच्या मफिनमध्ये पामतेल होते, दुसऱ्याच्या मफिनमध्ये सूर्यफुलाचे. वजन दोन्ही गटांचे सारखेच वाढले, परंतु यकृतातील मेद पामतेलाच्या गटात स्पष्टपणे अधिक वाढला. उष्मांक तेवढेच असूनही यकृत आम्ला-आम्लांत भेद करते, याहून बोलका पुरावा मला ठाऊक नाही. मात्र रुग्णाने तेल सोडून त्या जागी साखरेचा चहा आणि मैद्याची बिस्किटे वाढविली, तर ज्या २६ टक्क्यांचा मी उल्लेख केला, त्या कारखान्यालाच आपण कच्चा माल पुरविला असे होते.

वनस्पती तुपाविषयी थोडक्यात सांगतो. तूप न परवडणाऱ्या लक्षावधी कुटुंबांनी ते विश्वासाने स्वयंपाकघरात आणले; आणि तेल घट्ट करण्याच्या प्रक्रियेत निर्माण होणारी ट्रान्स मेदाम्ले एलडीएल वाढवितात व हितकारक एचडीएल घटवितात, हे १९९० साली नेदरलँड्समधील प्रयोगाने सिद्ध झाल्यावरही आपल्याकडे त्यांची मर्यादा २ टक्क्यांवर येण्यास २०२२ साल उजाडावे लागले. हा विलंब मला आजही अस्वस्थ करतो, कारण त्याची झळ ज्यांना लागली, त्यांचा आवाज कोणत्याही दप्तरात नोंदला गेला नाही.

आणि लिनोलेइक आम्लाने समृद्ध तेल देणाऱ्या करडईचे क्षेत्र मात्र याच जिल्ह्याच्या भोवती वर्षानुवर्षे आकसत गेले आहे. काटेरी पिकाची काढणी जिकिरीची, मजूर मिळेना, आणि आयात तेल स्वस्त. शेतकऱ्याला दोष देण्याचा अधिकार आपणास नाही. आपण शिफारस करताना मात्र सांगावे की करडईचे तेल वारंवार तळणीस योग्य नव्हे, ते फोडणीस व भाजीस वापरावे. त्याच्या जोडीला जवसाची चटणी असली म्हणजे अल्फा-लिनोलेनिक आम्लाचीही तजवीज होते.

म्हणून विषयनियामक समितीकडे मी दोन ठराव लेखी पाठवीत आहे. रुग्णालयांच्या आहारपत्रिकेतील ‘तेलतूप वर्ज्य’ ही सरसकट ओळ काढून तेथे तेलाचे नाव, दरमहा दर माणशी प्रमाण आणि वगळलेल्या पदार्थाच्या जागी काय खावयाचे, हे लिहिले जावे. आणि करडईच्या हमीभावाबरोबर प्रत्यक्ष खरेदीचाही बंदोबस्त सरकारने करावा. उद्याच्या सत्रात यांवर चर्चा व्हावयाची आहे, तरी सभासदांनी आपापल्या रुग्णालयातील आहारपत्रिकेची एक नक्कल सोबत आणावी, अशी विनंती आहे.