अपघाताचा कागद कोणाचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



रस्त्यावरील अपघात हा विषय राजकीय अभ्यासवर्गात कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. केंद्रीय रस्ते वाहतूक खात्याच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. मेलेल्यांपैकी दर शंभरात सुमारे ६४ जण एक तर दुचाकीवर होते, नाही तर पायी चालत होते. कामावर निघालेला मजूर, शाळेला जाणारे पोर, बाजाराहून परतणारी बाई, ही ती माणसे होत. तेव्हा हा प्रश्न आपलाच आहे.

अपघात घडला की प्रथम पोलीस येतात, आणि त्यांच्याबरोबर कागद येतो. फिर्याद नोंदली जाते, जागेचा पंचनामा होतो, साक्षीदारांचे जबाब घेतले जातात. गाडी कोणत्या बाजूने आली, रस्त्यावर दिवा होता की नव्हता, खड्डा किती खोल होता, हे त्या तासा-दोन तासांत जे लिहिले जाईल तेच पुढे सत्य म्हणून उभे राहते. भरपाईचा दावा त्यावर चालतो, आरोपपत्र त्यावर उभे राहते, सरकारी आकडेवारीही त्यातूनच निघते. हा कागद कोणाचा, हाच आजचा आपला प्रश्न आहे.

कायद्याने याचे उत्तर कागदोपत्री तरी दिले आहे. गुन्ह्याची पहिली खबर, काही नाजूक प्रकरणे वगळता, २४ तासांच्या आत पोलिसांच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये दिला. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या मोटार वाहन नियमांनुसार अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत दावे न्यायाधिकरणाकडे गेला पाहिजे, व त्याची प्रत पीडितालाही मिळाली पाहिजे. सविस्तर अहवालाला ९० दिवसांची मुदत आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेने खबरीची विनामूल्य प्रत मिळण्याचा हक्क खबर देणाऱ्याप्रमाणेच पीडितालाही दिला आहे.

परंतु हक्क असणे आणि तो ठाऊक असणे यांत केवढे अंतर असते ते पाहा. धडक देऊन गाडी पळून गेली व तिचा पत्ता लागला नाही, तर मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये देण्याची सरकारी योजना आहे. २०२२ मध्ये असे ६७,३८७ अपघात नोंदले गेले. २०२२-२३ या आर्थिक वर्षात दावे आले अवघे २०५, आणि निकाली निघाले ९५! सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये याची दखल घेतली, आणि महिनाभरात गाडीचा शोध न लागल्यास या योजनेची माहिती पीडितांना लेखी देण्याची जबाबदारी पोलीस ठाण्यावर टाकली. ज्या घरातला कर्ता माणूस गेला, त्या घराला सरकारने ठेवलेले पैसेही केवळ माहितीअभावी मिळू नयेत, याला दुर्दैव म्हणता येणार नाही. हा अन्याय आहे.

आता एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. अपघाताचे सर्व कागद चव्हाट्यावर मांडले तर मृताचे नाव-पत्ता दलालांच्या हाती पडेल, आणि सुतक फिटण्याआधी ते दाराशी उभे राहतील. म्हणून आपली मागणी नेमकी असली पाहिजे. नाव, पत्ता, दूरध्वनी, वैद्यकीय तपशील हे पीडिताचे आहेत. ते त्याला पूर्ण व विनामूल्य मिळावेत, इतरांना नव्हेत. जागा, वेळ, वाहनाचा प्रकार, रस्त्याची अवस्था हे मात्र समाजाचे आहे, आणि ते सर्वांसाठी खुले असावे.

हा दुसरा भाग महत्त्वाचा आहे. वार्षिक अहवालात राज्यांचे, मोठ्या शहरांचे आकडे मिळतात. आपल्या तालुक्यातील अमुक वळणावर किती जण गेले हे त्यात सापडत नाही. २०२२ च्या मृत्यूंपैकी ७० टक्क्यांहून अधिक मृत्यू ‘अतिवेग’ या सदरात टाकलेले आहेत. वेग असेलही, पण वळणाचा उतार चुकला होता का, शाळेसमोर रस्ता ओलांडण्याची सोय होती का, हे कोणी लिहायचे? सदोष रस्त्यामुळे माणूस दगावल्यास ठेकेदाराला व संबंधित यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड करणारे कलम २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आले आहे. पंचनाम्यात खड्ड्याचा उल्लेखच नसेल तर ते कलम वापरणार कसे? चालक एकटा दोषी ठरतो, आणि रस्ता बांधणारा त्या कागदात येतच नाही.

म्हणून आपण तीन कामे अंगावर घ्यावीत. अपघात झालेल्या घरी जाऊन अहवालाची प्रत मिळाली का ते विचारावे, आणि मिळाली नसेल तर त्या माणसांबरोबर ठाण्यात जावे. पंचनाम्याच्या वेळी गावातील जाणती माणसे हजर राहतील व रस्त्याची अवस्था लिहून घेण्याचा आग्रह धरतील, असे पाहावे. आणि माहितीच्या अधिकारात आपल्या तालुक्यातील तीन वर्षांच्या अपघातांच्या जागा मागवून त्यांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. सरकारी व्याख्येनुसार पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत दहा माणसे दगावली, की ती जागा अपघातप्रवण ठरते. ते दहा मृत्यू मोजणारे कोणी नसेल, तर अकराव्याची वाट पाहिली जाते.