मुलं किती? शून्य. मग पुढे?

दहिसरहून पुन्हा एकदा तुमच्या कानात. लोकलमध्ये असाल तर आवाज थोडा वाढवा, कारण आजचा विषय घरी कोणी मोठ्याने काढत नाही. ज्या मोठ्या माणसांना मुलं नाहीत, त्यांची मोजणी कशी होते?

२०११ च्या जनगणनेत 'मुलं किती झाली, किती हयात आहेत' हे प्रश्न फक्त लग्न झालेल्या किंवा कधीतरी झालेल्या बायकांसाठी होते. पुरुषांना नाही, अविवाहित बाईला नाही. म्हणजे माझी आत्या, वय ६३, लग्न केलं नाही, ती या हिशोबात नाहीच. आपल्या देवनारच्या आयआयपीएस या संस्थेच्या देखरेखीखाली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण होतं. त्यात २००५-०६ पासून अविवाहित बायकाही आल्या, पण वय १५ ते ४९. पन्नाशी गाठली की बाहेर!

बरं, शून्य तरी एकच आहे का? कुणाला नको होतं, कुणाला झालं नाही, कुणी 'अजून नाही' म्हणतंय. तक्त्यात सगळे एकाच रकान्यात. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. त्यांनी आणि मालतीबाईंनी ठरवून मूल होऊ दिलं नाही. वर्षानुवर्षं उपचार घेणारं जोडपंही त्यांच्याच शेजारी बसणार. आणि घरच्या भाषेत दोघांनाही 'निपुत्रिक'. शब्दशः अर्थ, मुलगा नसलेला!

२०१९-२१ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर १.७ आहे. ही सरासरी झाली. सगळ्यांना एक-दोन मुलं, की काहींना तीन आणि काहींना एकही नाही, हे त्यातून कळत नाही. धोरण मात्र अशाच आकड्यांवर ठरतं.

कायद्याला मात्र हा गट माहीत आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार अपत्य नसलेली ज्येष्ठ व्यक्ती आपल्या वारसाकडे निर्वाह मागू शकते. पण तो वारस तिची मालमत्ता ताब्यात असलेला किंवा पुढे मिळणारा हवा. मालमत्ताच नसेल तर?

मी आणि नवरा, आम्हीही शून्यातलेच, ठरवून. आत्या मला विचारते, "माझ्यासाठी तू आहेस गं, तुझ्यासाठी कोण?" याचं उत्तर माझ्याकडे एकटीचं नाही. आधी आम्ही किती जण आहोत, ते तर मोजा.

तुमच्या घरातही असं कोणी असेल, तर आज त्यांना एक फोन करा. भेटू पुढच्या भागात!