संगोपनास दिलेले मूल आणि औषधोपचाराची संमती



डबरा किंवा भितरवार तहसिलीतील एखादे आठ वर्षांचे मूल रात्री पोटदुखीने तळमळत ग्वाल्हेरच्या रुग्णालयात आणले गेले, असे समजा. आंत्रपुच्छ सुजले आहे, शस्त्रक्रिया करावी लागेल, असे डॉक्टर सांगतात. संमतिपत्र पुढे येते. कागद हिंदीत असतो आणि सही ‘अभिभावका’ने करावयाची असते. मुलाला घेऊन आलेली बाई त्याची आई नव्हे, मावशीही नव्हे. बाल कल्याण समितीने ते मूल तिच्याकडे संगोपनासाठी सोपविले आहे. तिने सही करावी काय?

मराठीत जन्म देणारा आणि सांभाळणारा, दोघांनाही ‘पालक’ हा एकच शब्द चालतो. घरात त्याने काही अडत नाही, रुग्णालयात अडते.

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आला. त्याच्या कलम ४४ प्रमाणे मुलाचे शिक्षण, आरोग्य व पोषण यांची जबाबदारी संगोपन करणाऱ्या कुटुंबावर असते आणि समितीने दरमहा त्या कुटुंबाची पाहणी करावयाची असते. मात्र हे दत्तकविधान नव्हे. जन्मदात्यांशी असलेले मुलाचे नाते येथे तुटत नाही. त्यावरून पुष्कळ जण असा निष्कर्ष काढतात की, सांभाळणाऱ्या बाईच्या सहीला किंमत नाही. हा समज बरोबर नाही.

याच अधिनियमातील ‘पालक’ या शब्दाची व्याख्या पाहावी. नैसर्गिक पालकाखेरीज, मूल प्रत्यक्ष ज्याच्या ताब्यात आहे आणि ज्याला समितीने कामकाजात पालक म्हणून मान्य केले आहे, तोही पालकच होय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २७ हेही तसेच आहे. बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी, सद्भावनेने व पालकाच्या संमतीने केलेल्या कृतीला ते संरक्षण देते. आणि तेथे पालकाबरोबरच ‘कायदेशीर ताबा असलेली अन्य व्यक्ती’ हिचाही उल्लेख आहे. १८६० च्या दंड संहितेतील कलम ८९ हेच सांगत असे. म्हणजे प्रश्न सहीच्या अधिकाराचा कमी आणि तो ताबा दाखविणाऱ्या कागदाचा अधिक आहे. त्या रात्री समितीचा आदेश बाईच्या हाती असला, तर डॉक्टरांचीही चिंता मिटते.

बारा ते अठरा या वयाविषयी कायदा इतका स्पष्ट नाही. रुग्णालये सामान्यतः प्रौढ व्यक्तीची सही घेतात. तथापि पंधरा वर्षांच्या मुलीला न विचारता तिच्या शरीरावर निर्णय घेणे उचित नव्हे, हे सांगावयास कायद्याची वाट कशाला पाहावी?

जिवावर बेतले असेल आणि संमती देणारे वेळेत मिळत नसेल, तर त्याच संहितेच्या कलम ३० प्रमाणे डॉक्टरांना संमतीविना उपचार करता येतात. प्राण वाचविणे हे सरकारी वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ मध्ये स्पष्ट केले.

फाटलेल्या ओठाची किंवा तिरळेपणाची शस्त्रक्रिया निराळी. तेथे घाई नसते. जन्मदाते हयात असतील तर त्यांना कळविणे आणि समितीची आगाऊ परवानगी घेणे योग्य. कलम २९ ने समितीला मुलाच्या उपचाराबाबतही अधिकार दिला आहे आणि महिन्यातून किमान वीस दिवस तिने बसावयाचे असते. तेव्हा सवड मिळत नाही ही सबब चालू नये.

खरी मेहनत मूल सोपविताना करावयाची आहे. नेहमीचे उपचार, लसीकरण, तातडीची शस्त्रक्रिया यांस संमती कोण देईल, हे आदेशातच लिहून मागावे. जिल्हा बाल संरक्षण कक्षातील अधिकाऱ्यांनी ते वाक्य गाळले, तर कुटुंबाने विचारावे. त्यात उद्धटपणा नाही. शाळेच्या नोंदवहीत शिक्षकांनी जन्मदात्यांच्या नावाशेजारी संगोपन करणाऱ्यांचे नाव व दूरध्वनी क्रमांक लिहावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत मुले तपासते, तेव्हा पुढील चिठ्ठी कोणाच्या घरी जावयाची ते त्यावरून ठरते.

आदेशाची प्रत लसीकरणाच्या कार्डाबरोबर एकाच पिशवीत ठेवावी. एखादे औषध मुलाला सोसत नसेल, तर तेही त्याच कागदावर लिहावे. मूल रात्री ग्वाल्हेरला न्यावे लागले, तर पिशवी घेऊन निघावे. पेटीत तळाशी राहिलेली प्रत तेथे कामास येत नाही.