उस्मानाबादच्या माताभगिनींचे ऋण

गर्भाशयमुखाचा कर्करोग देहात वर्षानुवर्षे निःशब्द वाढतो. तो वेळीच कसा ओळखावा, या प्रश्नाचे जगन्मान्य उत्तर आपल्या धाराशिव, तत्कालीन उस्मानाबाद, जिल्ह्याने दिले आहे. १९९९ साली बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी येथील ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट करून अभ्यास आरंभला; आणि ज्या गटात हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची केवळ एकदा तपासणी झाली, त्यात या रोगाचे मृत्यू नेहमीच्या आरोग्यसेवेवर राहिलेल्या गटाच्या मानाने आठ वर्षांत सुमारे निम्मेच झाले, हा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीने संकोच सोडून तपासणी करून घ्यावी, हीच त्या माताभगिनींच्या ऋणाची खरी उतराई होय.