मुखपट्टी मातींत कुजेल काय?

गेल्या आषाढांत मी घाटघरला गेलों होतों. नाणेघाटाच्या माथ्यावरचें, जीवधन किल्ल्याच्या शेजारचें हें जुन्नर तालुक्यांतील गांव. भाताची आवणी चालली होती. एका म्हातारीनें चिखलांतून निळी मुखपट्टी उपसून काढली. २०२० च्या साथीच्या दिवसांत कोणा प्रवाशानें टाकलेली असावी. कानांचे दोर अजून शाबूत! म्हातारी म्हणाली, “गुरुजी, पाला कुजतो, गोणपाट कुजतं, हे का कुजंना?”

ही पट्टी दिसते कापडासारखी, पण असते पॉलीप्रॉपिलीन नांवाच्या प्लॅस्टिकची. तें वितळवून त्याचे केसाहून कितीतरी बारीक तंतू काढतात व त्यांवर विद्युत्भार ठेवतात. चाळणींतून सहज निसटतील असे कणही त्या भारामुळें तंतूंना चिकटतात. एन-९५ जातीची पट्टी ०.३ मायक्रॉनच्या कणांपैकीं निदान ९५ टक्के अडविते, ती अशी. १९१०-११ सालीं मांचूरियांतील फुफ्फुसाच्या प्लेगांत डॉ. वू लिएन-ते यांनीं विरळ सुती कापड व कापूस यांची पट्टी बांधावयास लावली. ती कुजणारी खरी, पण इतकी बारीक गाळणी नव्हे.

बरें, जंतु नुसते अडवून भागत नाहीं. ते पट्टीवर कांहीं काळ जिवंत राहतात. पुण्याच्या थिंकर टेक्नॉलॉजीजनें २०२१ सालीं आपल्या पट्टीला सोडियम ओलेफिन सल्फोनेटचा लेप दिला. हा पदार्थ साबणाच्या जातीचा. विषाणूचें स्निग्ध वेष्टन तो फोडतो.

घाटघरच्या रानांत हिरडा आहे. बाळहिरडा वेंचून वाळवून विकणें हा तेथील महादेव कोळ्यांचा जुना आधार. हिरड्यांतील टॅनिन जंतूंच्या प्रथिनांना बांधून टाकतें, आणि रंगारी तर सुती कापड हिरड्याच्या पाण्यांत बुडवीत आलेच आहेत. मग हिरड्याची पट्टी कां नको? हा मोह मलाही पडला. परंतु विणींतील भोंकें हिरड्यानें बुजत नाहींत. म्हणून संशोधक वनस्पतींतील सेल्युलोज व कोळंबीच्या कवचांपासून होणारें कायटोसन यांचे सूक्ष्म तंतू काढून पाहतात. कायटोसन स्वतःच जंतुरोधक आहे. मक्यापासून पॉलिलॅक्टिक आम्लाचे तंतूही निघतात. पण ते साठेक अंश तापलेल्या खतांत कुजतात, थंड चिखलांत फार सावकाश.

खरी मेख पुढेंच आहे. कुजविणारे कोण? जंतूच! जें नाकाशीं जंतूंना मारील, तें बांधावर कुजण्यालाही अडवील. लेप पावसानें धुऊन जावा म्हणावें, तर तो भाताच्या मुळाशीं जाणार. रुप्याचे कण वापरले तर ते मातींतच राहतात. टॅनिन निदान कालांतरानें मोडतें.

म्हातारीला मीं एवढें सारें सांगितलें नाहीं. हिरड्याच्या पाण्यांत भिजविलेलें एक फडकें व एक साधें फडकें आम्हीं तिच्या बांधाशीं पुरलें आहे. पुढल्या आवणीला, कोणतें आधीं कुजलें तें ती मला सांगणार आहे.